पाचव्या पायरीवरचा प्रश्न : तक्ते, जाळी आणि जोडलेली माहिती



बँकेत पैसे भरण्यापासून रेल्वेचं आरक्षण करण्यापर्यंत आपलं दिवसातलं जवळजवळ प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये नोंदलं जातं. यातले बहुतेक डेटाबेस रिलेशनल असतात. माहिती तक्त्यांत, म्हणजे टेबलांत बसवलेली असते, आणि एका टेबलातल्या नोंदीचा दुसऱ्या टेबलाशी संबंध लावायचा झाला की दोन्हीकडचे क्रमांक जुळवून पाहायचे. या जुळवणीला जॉईन म्हणतात. गेल्या पंधराएक वर्षांत याच कामासाठी ग्राफ डेटाबेस पुढे आले. त्यांत बिंदू असतात, बिंदूंना जोडणाऱ्या रेषा असतात, आणि रेषेला बिंदूइतकंच महत्त्व असतं. त्यांतले काही स्वतःला 'नेटिव्ह' म्हणवतात, म्हणजे जाळं त्यांच्याकडे डिस्कवरही जाळं म्हणूनच उतरतं.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतले तरुण मला विचारतात, "सर, आमचा डेटा कनेक्टेड आहे, मग आम्ही ग्राफ घ्यायचा का?" माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं त्याच्या उजेडात ऐकता येईल. माहिती तर बहुतेक वेळा जोडलेलीच असते. पाहायचं ते हे, की तुमचा प्रश्न त्या जोडण्यांवरून किती पायऱ्या चालणार आहे, आणि पायऱ्यांची संख्या प्रश्न लिहिताना तुम्हाला माहीत आहे का. ती माहीत असेल आणि लहान असेल, तर तक्ते उत्तम चालतात. ती माहीतच नसेल, तर वेगळा विचार करायला हवा.

आता थोडा इतिहास, कारण हा वाद नवा नाही.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स बाखमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये आयडीएस नावाची प्रणाली उभी केली. तिच्यात एका नोंदीत दुसऱ्या नोंदीचा पत्ता लिहिलेला असे, आणि प्रोग्राम त्या पत्त्यांवरून नोंदी धुंडाळत जाई. १९७३ साली बाखमन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांच्या पुरस्कार-व्याख्यानात प्रोग्रामर हा माहितीच्या अवकाशात वाट काढणारा नाविक होता. हे चित्र देखणं होतं, पण त्याची किंमत मोठी होती. रचनेतला एक दुवा बदलला की त्या वाटेने जाणारे सगळे प्रोग्राम मोडत. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात वेगळी मांडणी केली. माहिती नुसत्या तक्त्यांत ठेवा, काय हवं ते सांगा, आणि कुठल्या वाटेने शोधायचं ते यंत्रावर सोडा. १९७४ साली मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे दोन्ही बाजू समोरासमोर आल्या आणि जाहीर वाद झाला. पुढे काय झालं ते आपण जाणतो. एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा आली, ओरॅकल हा डेटाबेस आला, आणि पत्त्यांवरून चालणाऱ्या प्रणाली मागे पडल्या.

म्हणून ग्राफ डेटाबेस पुन्हा नोंदीत पत्ते लिहायला लागले, तेव्हा माझ्यासारख्यांच्या मनात पहिली शंका हीच आली, की आपण बाखमनच्या काळात परत चाललो आहोत का? तसं नाही, आणि फरक मोलाचा आहे. निओफोरजे या नेटिव्ह ग्राफ डेटाबेसची सायफर ही भाषा कॉडच्या शिकवणीतली आहे. तिच्यात तुम्ही जाळ्यातला आकार सांगता, वाट सांगत नाही. पत्ते आत असतात, प्रोग्रामरच्या हातात नसतात.

आत नेमकं काय असतं ते जवळून पाहू. निओफोरजेच्या अनेक वर्षं चाललेल्या साठवण-पद्धतीत प्रत्येक बिंदूची नोंद बरोबर १५ बाइटची आणि प्रत्येक नात्याची ३४ बाइटची असे. नोंदीचा आकार ठरलेला असल्यामुळे दहा लाखावा बिंदू फाइलमध्ये कुठे आहे ते एका गुणाकाराने कळतं. बिंदूच्या नोंदीत त्याच्या पहिल्या नात्याचा क्रमांक असतो. नात्याच्या नोंदीत दोन्ही टोकांचे बिंदू असतात आणि त्या दोन्ही बिंदूंच्या मागच्या-पुढच्या नात्यांचे क्रमांक असतात. म्हणजे एका माणसाच्या ओळखी काढायच्या तर साखळीची एकेक कडी धरत जायचं. जाळ्यात एकूण माणसं दहा हजार आहेत की दहा कोटी, याचा त्या एका पावलाच्या खर्चाशी संबंध नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत ही मांडणी बदलली आहे, पण तत्त्व तेच आहे.

रिलेशनल डेटाबेसमध्ये त्याच ओळखी 'मैत्री' नावाच्या दोन रकान्यांच्या टेबलात असतात आणि त्यावर बी-ट्री इंडेक्स, म्हणजे झाडाच्या आकाराची सूची असते. दहा लाख माणसं आणि प्रत्येकाचे पन्नास मित्र धरले, तर पाच कोटी ओळी होतात. इंडेक्सच्या एका पानात काही शे चाव्या मावतात, म्हणून झाडाची उंची तीन-चार पातळ्यांपलीकडे जात नाही. एका माणसाच्या ओळखी शोधायला तीन-चार पानं पाहावी लागतात, आणि त्यांतली वरची पानं नेहमी मेमरीतच असतात. डेटा दसपट झाला तर फार तर आणखी एक पातळी वाढते. थेट पत्त्याने जाणं याहून स्वस्त आहेच. पण ते काही पटींनी स्वस्त आहे, हजार पटींनी नाही.

मग हजार पटींचे आकडे येतात कुठून? या क्षेत्रात सर्वांत जास्त दाखवलं जाणारं एक कोष्टक आहे. इयन रॉबिन्सन, जिम वेबर आणि एमिल आयफ्रेम यांच्या 'ग्राफ डेटाबेसेस' या २०१३च्या पुस्तकातून ते घरोघरी पोचलं. तिघेही निओफोरजे बनवणाऱ्या कंपनीचे, हे लक्षात ठेवून ते वाचायला हवं. प्रयोगात दहा लाख माणसं आणि प्रत्येकाचे सुमारे पन्नास मित्र घेतले होते. प्रश्न होता मित्रांचे मित्र, त्यांचे मित्र, असा पाच पायऱ्यांपर्यंतचा. दोन पायऱ्यांना रिलेशनलला ०.०१६ सेकंद लागले आणि निओफोरजेला ०.०१. तीन पायऱ्यांना ३०.२६७ विरुद्ध ०.१६८. चार पायऱ्यांना १५४३.५०५ विरुद्ध १.३५९. पाचव्या पायरीला रिलेशनलचं काम पुरंच झालं नाही आणि निओफोरजेने २.१३२ सेकंदांत उत्तर दिलं.

हे कोष्टक पाहून सभागृहात माना डोलतात. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की ते कोष्टक बोलायला लागतं. पन्नास मित्रांच्या हिशेबाने तीन पायऱ्यांना १ लाख २५ हजार वाटा होतात. त्यांना ३० सेकंदांनी भागलं की सेकंदाला साधारण ४,१०० वाटा येतात. चार पायऱ्यांना ६२ लाख ५० हजार वाटा आणि १५४३ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ४,०५०. दोन्ही ठिकाणी वेग तोच आहे! तिसऱ्या पायरीनंतर रिलेशनल डेटाबेस कोसळलेला नाही. पन्नासपट काम दिलं आणि त्याने ते पन्नासपट वेळात केलं. याच वेगाने पाचव्या पायरीच्या ३१ कोटी २५ लाख वाटांना एकवीस तासांहून जास्त वेळ लागला असता. तो पुरा न होण्यात आश्चर्य नाही.

आता दुसऱ्या पायरीकडे पाहा. तिथे २,५०० वाटा ०.०१६ सेकंदांत झाल्या, म्हणजे सेकंदाला दीड लाखाहून जास्त. दुसरी आणि तिसरी पायरी यांच्या मधे वेग दीड लाखावरून चार हजारांवर घसरला. टेबल तेच, इंडेक्स तोच, झाडाची उंची तीच. म्हणजे ही घसरण इंडेक्समधून शोधण्याच्या पद्धतीमुळे झालेली नाही. अशी घसरण मेमरी अपुरी पडणं, मधले निकाल डिस्कवर जाणं, क्वेरीची योजना बदलणं, अशा गोष्टींनी होते. थेट पत्त्याने जाण्याच्या ज्या तत्त्वाच्या नावाने हे कोष्टक दाखवलं जातं, त्या तत्त्वाची परीक्षा त्यात होतच नाही.

उजवीकडचा रकाना तर याहून बोलका आहे. निओफोरजेचा वेळ तिसऱ्यावरून चौथ्या पायरीला आठपट झाला, आणि चौथ्यावरून पाचव्याला फक्त दीडपट. वाटा मात्र दर पायरीला पन्नासपट वाढतात. ३१ कोटी वाटा दोन सेकंदांत चालून होत नाहीत. म्हणजे त्या चालल्या गेलेल्याच नाहीत. एकदा भेटलेल्या माणसाकडे परत जायचं नाही, एवढा साधा नियम इथे काम करतो. दहा लाखांच्या गावात पाचव्या पायरीपर्यंत नवी माणसंच संपत आलेली असतात. कोष्टकातही चौथ्या पायरीला सुमारे सहा लाख आणि पाचव्याला सुमारे आठ लाख माणसं आहेत. साध्या जॉईनची क्वेरी मात्र एका माणसाकडे शेकडो वाटांनी जाते आणि दुबार नावं शेवटी गाळते.

हा नियम एसक्यूएललाही पाळता येतो. १९९९च्या एसक्यूएल प्रमाणात 'विथ रिकर्सिव्ह' (आपल्याच निकालावर पुन्हा चालणारी क्वेरी) आलं, पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसमध्ये ते २००९ साली आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली पोचलं. त्यात 'युनियन ऑल'ऐवजी नुसतं 'युनियन' लिहिलं की दुबार ओळी प्रत्येक पायरीलाच गळतात. त्यातही एक खोच आहे. पायरीचा आकडा ओळीत ठेवला, तर तोच माणूस तिसऱ्या आणि पाचव्या पायरीला वेगळा धरला जातो. तरीही दहा लाख माणसं आणि पाच पायऱ्या मिळून जास्तीत जास्त पन्नास लाख ओळी होतात, एकतीस कोटी नव्हे.

यावरून ग्राफ डेटाबेसची गरजच नाही असं कुणी समजू नये. त्यांची खरी ताकद या कोष्टकाबाहेर आहे.

३ एप्रिल २०१६ रोजी पनामा पेपर्स प्रसिद्ध झाले. पनामातल्या मोसॅक फोन्सेका या कायदासल्लागार कंपनीची १ कोटी १५ लाख कागदपत्रं, २.६ टेराबाइट माहिती, म्युनिकच्या एका दैनिकाच्या हाती आली. त्या दैनिकाने ती शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला, आयसीआयजेला, दिली. जगभरातले ३७० हून अधिक पत्रकार कामाला लागले, आणि भारतात इंडियन एक्स्प्रेसने ती बाजू सांभाळली. दोन लाख चौदा हजार परदेशी कंपन्या, त्यांचे भागधारक, संचालक, मध्यस्थ आणि पत्ते यांचं जाळं निओफोरजेमध्ये भरलं गेलं आणि लिंक्युरियस नावाच्या साधनातून पत्रकारांच्या पडद्यावर आलं.

दोन लाख कंपन्या हा डेटाबेसच्या दृष्टीने लहान आकडा आहे, साध्या लॅपटॉपवरचं पोस्टग्रेस तो सहज पेलेल. अवघड होता तो प्रश्न. पत्रकाराच्या हातात एका राजकारण्याचं नाव असतं आणि दुसऱ्या टोकाला एक कंपनी असते. त्यांच्यात काही संबंध आहे का, आणि असेल तर कुठल्या वाटेने? ती वाट बायकोच्या नावावरच्या शेअरमधून जाईल, एकाच पत्त्यावरच्या दोन कंपन्यांतून जाईल, किंवा एका मध्यस्थाच्या मार्फत जाईल. दोन पायऱ्यांत संपेल की सहा, हे कुणालाच माहीत नसतं. एसक्यूएलमध्ये हे लिहायचं तर प्रत्येक प्रकारच्या नात्याचं वेगळं टेबल जोडायचं, चाललेली वाट ओळीबरोबर वागवायची, वर्तुळात अडकू नये म्हणून पहारा ठेवायचा. सायफरमध्ये तो प्रश्न दोन ओळींत मावतो.

शिवाय सगळ्यात लहान वाट शोधताना ग्राफ डेटाबेस दोन्ही टोकांकडून एकदम चालतो. प्रत्येक बिंदूला पन्नास नाती धरली, तर एकाच टोकाकडून सहा पायऱ्या चालायला १,५६२ कोटी वाटा पडतात. दोन्हीकडून तीन-तीन चाललं तर अडीच लाख. हा फरक मात्र खरोखरीचा आहे. रिकर्सिव्ह क्वेरीत तो आणायचा तर हाताने खूप खटपट करावी लागते. वेगाइतकीच दुसरी गोष्टही महत्त्वाची होती. डेटाबेस कधी न हाताळलेला पत्रकार एका बिंदूवर क्लिक करून पुढचा बिंदू उघडू शकत होता. प्रश्न विचारण्याची ताकद इंजिनिअरच्या हातून बातमीदाराच्या हातात गेली. माझ्या मते यापेक्षा मोठं यश ग्राफ डेटाबेसला क्वचितच मिळालं असेल.

आता आपल्या घरचं उदाहरण घेतो, कारण जोडलेल्या माहितीचा इतका समृद्ध साठा दुसरीकडे क्वचित असेल. महाराष्ट्रातल्या जमिनीच्या नोंदी. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, भोगवटादाराचं नाव असतं आणि बाजूला फेरफार क्रमांक असतात. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत गेलं, की कळतं की हे नाव वारसाने आलं, खरेदीखताने, वाटणीने की बक्षीसपत्राने. त्या फेरफारात आधीच्या धारकाचं नाव सापडतं, त्याचं नाव लागल्याचा त्याआधीचा फेरफार सापडतो, आणि असं मागे मागे जायचं. जमीन घेण्यापूर्वी वकील तीस वर्षांचा सर्च काढतात तो असाच. ही साखळी किती लांब असेल ते आधी कळत नाही. एका गटात तीस वर्षांत दोन फेरफार असतात, तर शेजारच्या गटात चाळीस.

नुसती साखळीही नाही, तिला फाटे फुटतात. वाटणी झाली की एका गटाचे पोटहिस्से होतात. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली एकत्रीकरण झालेल्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि काही ठिकाणी अनेक तुकडे मिळून एक गट झाला. मागे जाणारी वाट त्या जागी पोचली की नंबरच बदलतो. जुन्या नंबरापासून नव्या नंबरापर्यंतचं नातं नोंदलेलं नसेल तर शोध तिथेच खुंटतो. "या गटावर आज ज्यांची नावं आहेत, त्या प्रत्येकापर्यंत हक्क कुठकुठल्या फेरफारांतून आला, आणि वाटेत कुठे वारसाचं नाव सुटलं आहे का?" हा प्रश्न जाळ्याचा आहे. ज्या घरातल्या मुलींची नावं वारसाच्या नोंदीत राहून गेली, त्या घराला या प्रश्नाचं उत्तर केवढं मोलाचं असतं ते मी सांगायला नको.

पण याच नोंदींना दुसरी बाजू आहे. पोटहिश्श्यांच्या क्षेत्रांची बेरीज मूळ गटाच्या क्षेत्राइतकी यायला हवी, एक आर कमी नाही आणि एक आर जास्त नाही. तलाठ्याने धरलेली नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याशिवाय सातबाऱ्यावर चढता कामा नये. तालुक्यातल्या सगळ्या खातेदारांची एकूण आकारणी हवी असेल, तर लाखो ओळींची बेरीज करायची असते. हे सगळं तक्त्यांचं राज्य आहे. नियम घालणं, बेरजा करणं, अर्धवट झालेला व्यवहार मागे घेणं, यांत रिलेशनल डेटाबेसच्या मागे पन्नास वर्षांची तपश्चर्या आहे. म्हणून मला कुणी विचारलं तर मी मूळ नोंदी तक्त्यांतच ठेवीन आणि हक्काची साखळी पाहण्यासाठी त्यांच्यावरून जाळं उभं करीन. बँका घोटाळ्यांच्या तपासात बहुतेक असंच करतात. व्यवहार एका ठिकाणी असतात, आणि पैसा फिरून परत कुठे आला हे शोधण्याचं जाळं दुसरीकडे.

मोठ्या आकाराचा दाखला हवा असेल तर फेसबुकचा घ्या. २०११ साली तिथे ७२ कोटी सक्रिय माणसं आणि सुमारे ६,९०० कोटी मैत्रीची नाती होती, आणि दोन माणसांमधलं सरासरी अंतर ४.७४ पायऱ्या निघालं. एवढं मोठं जाळं कुठल्या नेटिव्ह ग्राफ डेटाबेसमध्ये नव्हतं. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ साली टाओ या आपल्या प्रणालीचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिच्यात वरून ग्राफ दिसतो, मधे कॅशचा मोठा थर असतो आणि तळाशी मायएसक्यूएल. तसं चाललं, कारण पान उघडताना विचारले जाणारे प्रश्न एका पायरीचे असतात. या फोटोवर कुणाच्या प्रतिक्रिया आहेत, हा माणूस त्याचा मित्र आहे का. जाळं एका यंत्रात मावेनासं झालं की त्याचे तुकडे करावे लागतात, आणि कुठेही कापलं तरी काही नाती दोन यंत्रांमध्ये लोंबकळतातच. तिथे थेट पत्त्याचा फायदा मावळतो, कारण पुढचं पाऊल नेटवर्कवरून टाकावं लागतं.

दोन्ही बाजूंमधली भिंत आता पातळ होते आहे. २०२३ साली एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात सोळावा भाग आला. त्यामुळे साध्या तक्त्यांवर ग्राफची चौकट घालून एसक्यूएलमध्येच जाळ्याचे आकार शोधता येतात. एप्रिल २०२४मध्ये जीक्यूएल ही ग्राफसाठीची स्वतंत्र भाषा प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. आकार सांगण्याची पद्धत दोन्हींत एकच आहे. तिकडे सिद्धांतातही मोठं काम झालं. तीन माणसं एकमेकांना ओळखतात असे त्रिकोण शोधताना दोन-दोन टेबलं जोडत गेलं, तर मधला निकाल अंतिम उत्तराहून अवाढव्य होऊ शकतो. २०१२ साली न्गो, पोराट, रे आणि रुद्रा यांनी सगळी टेबलं एकदम जोडून हा फुगवटा टाळणारी रीत सिद्ध केली. ती तक्त्यांच्या भाषेतच मांडलेली आहे, आणि तिचा फायदा जाळ्यांवरच्या प्रश्नांना सर्वांत जास्त होतो.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना एक काम सांगून थांबतो. आपल्या संगणकावर पोस्टग्रेस घ्या, दहा लाख माणसांचं आणि पाच कोटी नात्यांचं टेबल यादृच्छिकपणे भरा, आणि दोन्ही रकान्यांवर इंडेक्स करा. आधी साध्या जॉईनने तीन पायऱ्या चाला, मग 'युनियन'च्या रिकर्सिव्ह क्वेरीने पाच चाला, आणि प्रत्येक वेळी 'एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ' लावून मधे किती ओळी तयार झाल्या ते वहीत लिहा. तोच डेटा निओफोरजेच्या फुकट आवृत्तीत भरून तेच प्रश्न विचारा. शेवटी कुठलीही दोन माणसं घेऊन दोन्हीकडे सर्वांत लहान वाट मागा. तुमचे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी जुळणार नाहीत. ते का जुळत नाहीत हे शोधताना जे समजेल, ते घेऊन माझ्याकडे या. मला ते ऐकायचं आहे.